‘कॉल… आणि वर चोवीसशे’ : मांडवीवरच्या एका डावाची उलटतपासणी

‘कॉल… आणि वर चोवीसशे.’ या वाक्यात मधे जी तीन टिंबं आहेत, तेवढ्यात हे सगळं प्रकरण घडलं. त्या टिंबांच्या जागी माझ्या भाच्याने, मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर, पोकरच्या टेबलावर बाराशेच्या चिप्स ठेवल्या, हात मागे नेला आणि आणखी चिप्स उचलायला लागला. डीलरने तळहात आडवा धरला आणि शांतपणे म्हटलं, ‘फक्त कॉल.’ म्हणजे समोरच्याच्या बोलीएवढेच पैसे, वाढवणं नाही. पुढच्या चार-पाच मिनिटांत भाच्याचे १४,९०० रुपये गेले. परतीच्या बोटीत तो एकच गोष्ट घोकत होता, ‘मामा, त्या डीलरान माका लुटल्यान.’

डीलरने लुटलं नव्हतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. डीलरने लावलेला नियम भाच्याच्या बाजूने लागला होता की विरोधात, हे मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावरच कळलं. त्या बैठकीचं हे टिपण.

आधी माणसं. भाचा सावंतवाडीचा, वय सत्तावीस, नोकरी कुडाळात. त्याचा दोस्त कुडाळचाच. दोघे शाळेपासून मेंढीकोटात एकमेकांचे भिडू. गणपतीच्या रात्री, लग्नघरी, एसटी चुकली तर स्टँडवरसुद्धा. तिसरे भाच्याचे भावोजी, म्हणजे माझे म्हापशाचे भाचेजावई. आम्हा सगळ्यांत पत्त्यांचं डोकं त्यांचं, पण ते कॅसिनोत पाऊल टाकू शकत नाहीत. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार अधिनियम १९७६ चा. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा खेळ आला, १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलाचे खेळ. मग १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोमंतकीयांनाच कॅसिनोत खेळायला बंदी झाली. त्यामुळे पणजीच्या धक्क्यावर आमचं चित्र असं असतं : आम्ही वाडीचे-कुडाळचे लोक महाराष्ट्राचं ओळखपत्र दाखवून बोटीत चढतो आणि ज्याने आम्हाला शिकवलं तो मांडवीच्या काठावर गाडी लावून म्हापशाला परत जातो. भावोजींचा सगळा पोकर चिंचोक्यांवरचा. घरी पैसे लावायचे नाहीत, ही भाचीची सक्त ताकीद.

आणि मी. मी बरा खेळतो, फार बरा नाही. त्या रात्री मी शेजारच्या टेबलावर होतो. त्यामुळे डावाचा पहिला अर्धा भाग मला मागाहून कळला, दुसरा अर्धा डोळ्यांनी दिसला.

दोन शाळा, दोन्ही अपुऱ्या

भाचा पोकर दोन ठिकाणी शिकला. एक दिवाळीतली तीन पत्ती, दुसरा मोबाइल.

मोबाइलवर तो दोन वर्षं खेळला. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा केंद्रीय कायदा झाला, पैशांचे खेळ बंद पडले आणि बरेच जण त्याच्यासारखे खऱ्या टेबलाकडे वळले. आता मोबाइल काय शिकवतो आणि काय शिकवत नाही, हे नीट बघण्यासारखं आहे. तिथे पाळी नसताना बोलता येत नाही, बटणच येत नाही. अर्धवट बोली लावता येत नाही, आकडा भरून एकदाच दाबायचं. स्वतःचे पत्ते सतत समोर उघडे दिसतात, लक्षात ठेवायला लागत नाहीत. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, किती जमलं ते पडदा सांगतो. म्हणजे शिष्टाचार म्हणतात ते सगळं तिथे यंत्रच सांभाळतं. खेळणाऱ्याला पत्ता लागत नाही की आपल्या वतीने कोणीतरी रीत पाळतंय. खऱ्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. मोबाइलवर एका टेबलावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यामुळे डाव खेळण्याचा अनुभव भरपूर आणि टेबलावर बसण्याचा शून्य, अशी पिढी आता खुर्च्यांवर येतेय.

तीन पत्तीची शाळा याच्या नेमकी उलट. तिथे बडबड हाच खेळ. ‘बघून चाल’, ‘हे घे, आणि वर हे घे’, ‘पॅक हो रे, मरशील’. मागून डोकावणारा काका सल्ला देतो, वहिनी चहा ठेवताना पत्ते बघून हसते, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. दिवाळीत ते शोभतंही.

तीन पत्तीची आणखी एक गोष्ट भाच्याच्या रक्तात भिनली होती, आणि ती मला बऱ्याच उशिरा सापडली. तीन पत्तीत सीक्वेन्स मोठा, कलर त्याच्या खाली. पोकरमध्ये उलटं. कारण साध्या मोजणीत आहे. तीन पानांचे एकूण हात २२,१००, त्यांत साधे सीक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. जे दुर्मीळ ते मोठं. पाच पाने झाली की एकूण हात २५,९८,९६०, त्यांत साधे स्ट्रेट (म्हणजे सीक्वेन्स) १०,२०० आणि फ्लश (म्हणजे कलर) फक्त ५,१०८. भाच्याला क्रम तोंडपाठ होता. विचारलं असतं तर बरोबर सांगितला असता. पण वीस दिवाळ्या ‘नुसता कलर’ म्हणत काढलेल्या माणसाला एका रंगाची तीन पाने टेबलावर बघून जेवढी भीती वाटायला हवी, तेवढी वाटत नाही.

डाव

नो-लिमिट होल्डेम : प्रत्येकाला दोन झाकली पाने, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर), आणि प्रत्येक टप्प्यावर बोली. ब्लाइंड, म्हणजे पाने बघण्याआधीच दोघांनी भरायचे सक्तीचे पैसे, १०० आणि २००. भाच्याने वीस हजार घेऊन बसायचं ठरवलं होतं. डावाच्या वेळी त्याच्यासमोर १९,३०० होते.

त्याआधीच एक इशारा मिळाला होता. तासाभरापूर्वी त्याने काही न बोलता हजाराची एकच चिप पुढे टाकली. मनात रेझ, म्हणजे बोली वाढवणं. डीलरने दोनशेचा कॉल धरला आणि आठशे परत दिले. न बोलता टाकलेली एकच मोठी चिप म्हणजे कॉल, हा जगभरच्या टेबलांवरचा नियम. ती चूक दोनशेची होती म्हणून सगळे हसले, तोही हसला. दोनशेच्या चुकीत जे शिकायचं ते तिथेच शिकता आलं असतं.

तर डाव. सुरुवातीच्या, म्हणजे आधी बोलावं लागतं त्या जागेवर सोलापूरकडचे एक चष्मेवाले काका. दोन तासांत मोजून तीन-चार डाव खेळलेले, अगदी कंजूस हात. त्यांनी ७०० केले. भाच्याकडे चौकट एक्का आणि बदाम राणी, जागा बटणाच्या (फ्लॉपपासून पुढे शेवटी बोलणाऱ्याच्या) अलीकडची. त्याने ७०० कॉल केले. इथे पाने टाकली असती तरी मी हरकत घेतली नसती. इतक्या कंजूस माणसाने सुरुवातीच्या जागेवरून केलेल्या रेझसमोर एक्का-राणी दिसते तेवढी देखणी नसते. बिग ब्लाइंडवर, म्हणजे दोनशे भरायच्या जागेवर, बंगळुरूचा टोपडं ओढून बसलेला मुलगा होता, त्यानेही कॉल केला. पॉट २,२००.

फ्लॉप : इस्पिक राणी, इस्पिक नव्वी, किलवर चौकी.

मुलाने चेक केलं, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे दिली. काकांनी १,२०० लावले. आणि भाच्याने ते वाक्य उच्चारलं. ‘कॉल’ म्हणून बाराशे ठेवले, मग ‘आणि वर चोवीसशे’. डीलरने कॉलच धरला. भाचा म्हणाला, ‘पण मी बोललो की!’ बोलला होता, पण आधी ‘कॉल’ बोलला होता. तोंडातून गेलेला पहिला शब्द बांधतो. याला स्ट्रिंग बेट म्हणतात. तुकड्यातुकड्याने बोली लावायची मुभा दिली तर माणूस ‘कॉल’ म्हणून समोरच्याचा चेहरा वाचेल आणि मग ठरवेल वाढवायचं की नाही, म्हणून हा नियम. भाच्याच्या मनात असलं काही नव्हतं. तो दिवाळीत बोलतो तसं बोलला, इतकंच. पण नियमाला मन दिसत नाही.

मुलाने क्षणभर भाच्याकडे पाहिलं आणि बाराशे कॉल केले. पॉट ५,८००.

टर्न : इस्पिक छक्की.

इथे भाच्याने हातातली दोन पाने पुन्हा उचलून बघितली. हे मला सोलापूरच्या काकांनी जेवणाच्या बुफेपाशी सांगितलं. ‘तुमच्या पोरानं पानं परत बघितली हो,’ एवढंच म्हणाले आणि वाढून घ्यायला पुढे गेले. मला तिथेच ताट खाली ठेवावंसं वाटलं. तिसरं इस्पिक पडल्यावर ज्याने आपली पाने परत बघितली, त्याच्याकडे फ्लश नाही हे जवळजवळ जाहीर होतं. एकाच रंगाची दोन पाने असलेला माणूस ते विसरत नाही. वेगवेगळ्या रंगांचीच असतात तेव्हा ‘त्यातलं एखादं इस्पिक आहे का’ हे बघावं लागतं. भाच्याकडे एकही नव्हतं.

मुलाने ४,००० लावले. काकांनी पाने टाकली.

भाचा विचारात पडला. मिनिट गेलं. आणि तीन खुर्च्या सोडून बसलेला त्याचा दोस्त, ज्याने पाने केव्हाच टाकली होती, तो म्हणाला, ‘टाक रे, तेच्याकडे कलर आसा.’

मुलाने लगेच हात वर केला. त्याला मालवणी कळली नाही, पण काय घडलं ते नेमकं कळलं. डीलरने फ्लोअरला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्यांना, हाक मारली. मी शेजारच्या टेबलावरून उठलो तो याच वेळी. फ्लोअरवाल्या बाईंनी दोस्ताला समज दिली : टेबलावर इंग्रजी किंवा हिंदीच, डावात नसलेल्याने डावाबद्दल बोलायचं नाही, पुन्हा झालं तर उठावं लागेल. आवाज न चढवता, दोन वाक्यांत. भाच्याचा हात चालू ठेवला.

‘तू गप ऱ्हव,’ असं दोस्ताला म्हणून भाच्याने ४,००० कॉल केले.

रिव्हर : किलवर दुर्री. मुलाने ९,००० लावले. भाच्याने पाच सेकंदांत कॉल केले. मुलाने त्याच क्षणी पाने उलटली, इस्पिक एक्का आणि इस्पिक पंजी. ताटकळत ठेवलं नाही, खुन्नस दिली नाही. त्या टेबलावर रीत त्यालाच येत होती. भाच्याने आपली पाने डीलरच्या दिशेने भिरकावली. एक पान खाली पडलं. ‘काय पाने देता राव,’ असंही म्हणाला. डीलरने वाकून पान उचललं.

समोर ४,४०० उरले होते. तो आणखी वीस हजार आणायला उठला. मी त्याचा दंड धरून त्याला वरच्या डेकवर नेलं. तिथे वारा बरा होता.

नियमाने काय केलं

भाच्याचा युक्तिवाद असा : रेझ ३,६०० ची मान्य झाली असती तर मुलगा पळाला असता, फ्लश लागलीच नसती. अर्धा भाग खरा आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे.

मुलाला बाराशे भरून ५,८०० च्या पॉटमध्ये राहायचं होतं. म्हणजे त्याला साधारण २०.७ टक्के संधी हवी. त्याला न दिसलेल्या ४७ पानांत ९ इस्पिकं शिल्लक होती, पुढच्याच पानावर फ्लश लागण्याची संधी १९.१ टक्के. जवळजवळ बरोबरी, शिवाय लागली तर पुढे आणखी पैसे मिळायची आशा, आणि त्याच्या मागे वाढवणारं कोणी उरलं नव्हतं. कॉल उत्तम. ३,६०० भरावे लागले असते तर १०,६०० चा पॉट, हवी असलेली संधी ३४ टक्के, आणि मागे काका अजून बोलायचे. मुलाने बहुधा टाकलं असतं.

पण रेझ काय फक्त मुलाविरुद्ध होती? बोली काकांची होती. तेव्हा काकांकडे काय असू शकतं ते मोजलं. सुरुवातीच्या जागेवरून रेझ, मग दोघांसमोर पुन्हा बोली, इतका कंजूस माणूस. भाच्याचे दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते वजा करून : एक्क्यांची जोडी ३ प्रकारांनी, राजांची ६, राण्यांची १, नव्व्यांची ३. हे तेरा प्रकार भाच्याला हरवतात. एक्का-राणी ६ प्रकारांनी, तिथे बरोबरी. गुलामांची जोडी ६, दश्श्यांची ६, एका रंगाचे राजा-राणी २, या चौदांना भाचा हरवतो. आता ३,६०० केले की काय होतं? गुलाम आणि दश्श्या पळतात. तेरापैकी जवळजवळ सगळे थांबतात, काही उलट वाढवतात. जे हरणार होते त्यांना हाकलायचं आणि जे जिंकणार त्यांच्याकडून जास्त पैसे मागवून घ्यायचे, असा तो सौदा.

बुफेपाशीच काकांनी सांगितलं की त्यांच्याकडे राजांची जोडी होती. हे मी मुद्दाम शेवटी सांगतोय, कारण निर्णय मोजताना ते धरायचं नाही. ते माहीत नसतानाही, माझ्या मते, फ्लॉपवर कॉल हाच बरा होता. भावोजींचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते दोन इस्पिकं पडलेल्या टेबलावर मुलाला स्वस्तात पुढे येऊ देणं महागात पडतं, वाढवावंच. आमचं यावर दोनदा वाजलं आणि मिटलेलं नाही. पण निदान इतकं दोघांना मान्य आहे की नियमाने भाच्याला एका चांगल्या निर्णयापासून लुटलं नाही. फार तर दोन बऱ्यापैकी निर्णयांपैकी एक त्याच्या हातात ठेवला.

मग नुकसान कशाने झालं?

त्या अर्ध्या वाक्याने. पैसे कॉलचे गेले आणि बातमी रेझची गेली. टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं की या माणसाला वाढवायचं होतं, म्हणजे याच्याकडे राणी आहे आणि बरोबर चांगलं पान आहे. बाराशेत मुलाला पुढचं पान मिळालं, आणि वर फुकटात भाच्याच्या हाताचा अंदाज. लागली तर हा माणूस पैसे देणार, हेही.

आणि आता टर्न. इथे मात्र भाच्याची चूक मला कुठल्याही बाजूने सांभाळता येत नाही. ४,००० भरून १३,८०० चा पॉट, म्हणजे २९ टक्के वेळा तरी तो पुढे असायला हवा. मुलाकडे फ्लश असेल तर भाच्याची संधी शून्य. एका जोडीला एका पानात फुल हाउस (तिकडी आणि जोडी) होत नाही. नव्व्यांची तिकडी असली तरी शून्यच. मुलगा नुसती हूल देत असेल तरच कॉल बरोबर. आणि हूल तो कोणाला देतोय? ज्याने मिनिटापूर्वी सगळ्यांसमोर ‘मला वाढवायचंय’ असं सांगितलं, त्याला. वाढवायला निघालेल्या माणसाला हूल देऊन पळवता येईल असं कोणाला वाटतं? तेही काकांसारखा माणूस मधे बसलेला असताना? त्याच वेळी त्याने पाहिलं की भाच्याने पाने परत बघितली, म्हणजे भाच्याकडे फ्लश नाही. ४,००० ची बोली त्याच्या दृष्टीने बिनधोक वसुली होती.

मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते यासाठी. शिष्टाचार म्हणजे सभ्यपणाचं काहीतरी, डावपेच म्हणजे आकड्यांचं काहीतरी, अशा दोन वेगळ्या वह्या भाच्याने केल्या होत्या. या डावात त्याच्या तीन चुका शिष्टाचाराच्या वहीतल्या : तुकड्याची बोली, पाने परत बघणं, आणि भिडूचं तोंड. तिन्हींचं बिल आलं ते दुसऱ्या वहीत. त्याने स्वतःच्या बोलीचा अर्थ समोरच्याच्या जागी बसून वाचला असता तर टर्नला पाने टाकायला दोस्ताची गरज लागली नसती.

दोस्ताबद्दल थोडं. तो बिचारा बरोबर सांगत होता, आणि तेच वाईट झालं. एका हाताला एकच खेळाडू, हे तत्त्व २००१ साली स्थापन झालेल्या टूर्नामेंट डिरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांतही आहे आणि रोख खेळाच्या टेबलांवरही पाळतात. मेंढीकोटात भिडूला डोळ्यांनी सांगितलं तरी चोरटा आनंद होतो. पोकरला भिडूच नसतो. दोघे ओळखीचे एका टेबलावर, त्यात इतरांना न कळणारी भाषा, म्हणजे संगनमताचा संशय येणारच. तो मुलगा हात वर करून बोलला यात मला काही गैर दिसत नाही. मी असतो तर मीही केला असता. आणि भाच्याने नेमकं का कॉल केलं, हे त्याने तीन आठवड्यांनी कबूल केलं : ‘तेनी सांगल्यान म्हणान टाकलंय असां दिसला असता.’ दोस्ताच्या सांगण्यावरून टाकल्यासारखं दिसू नये, म्हणून चार हजार. त्याच सुरात पुढे नऊ.

म्हापशातल्या संध्याकाळी

पुढचे दोन महिने, जमेल त्या शनिवारी, आम्ही भावोजींच्या पडवीत बसलो. भाचीने जुन्या लुगड्याचा तुकडा टेबलावर अंथरला, चिंचोक्यांची बरणी दिली. एक चिंचोका शंभरचा, काजूची बी हजाराची.

भावोजींनी पत्त्यांच्या डावपेचांना पहिले तीन शनिवार हातच लावला नाही. फक्त बोलणं आणि हात. आकडा पूर्ण बोलायचा, मगच हात हलवायचा : ‘रेझ, छत्तीसशे.’ मग चिंचोके एकाच खेपेत पुढे. चुकलं की भाची आतून ओरडायची, ‘कॉल!’ तिला तो शब्द फार आवडला. चिंचोके पॉटमध्ये फेकायचे नाहीत, आपल्यासमोर रचून ठेवायचे, नाहीतर किती आले ते कोणाला कळत नाही. पाळी आल्याशिवाय चेहऱ्यानेही बोलायचं नाही. हे शेवटचं भाच्याला सर्वांत जड गेलं. वाईट पाने आली की तो पाळी यायच्या आधीच पाने पुढे सरकवून मोकळा व्हायचा. डाव्या बाजूचा माणूस टाकणार हे आधी कळलं तर उजवीकडच्याला बोली लावायला किती सोपं जातं, हे भावोजींनी त्याला सलग दहा डावांत त्याचेच चिंचोके लुटून दाखवलं.

पाने एकदाच बघायची. बघताना रंगासकट मनात म्हणायची, वर पाच रुपयांचं नाणं ठेवायचं, विषय संपला. यावर भाचा कुरकुरला की एवढं लक्षात राहत नाही. मी त्याला आमच्या वाडीचीच गोष्ट सांगितली. राजवाड्यात रंगवतात त्या गंजिफाच्या दशावतारी डावात १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, आणि पडून गेलेली पाने लक्षात ठेवणं हाच खेळाचा गाभा. आमच्या आजोबांच्या पिढीला एकशेवीस झेपत होती, तुला दोन झेपत नाहीत? मेंढीकोटात चारही दश्श्या कुठे गेल्या ते हा झोपेत सांगेल. दोन पानांचं त्याने कधी लक्षातच ठेवलं नव्हतं, कारण मोबाइल दाखवत होता.

मग पॉट मोजणं. प्रत्येक बोलीनंतर मनात बेरीज, आणि कॉल करण्याआधी एक भागाकार : मला भरायचे किती, भरल्यावर होतील किती. उरलेल्या पानांसाठी चार-दोनचा ठोकताळा : कामाची पाने मोजायची, दोन पाने यायची असतील तर चारने गुणायचं, एक असेल तर दोनने. नऊ इस्पिकांचे छत्तीस आणि अठरा, खरे आकडे पस्तीस आणि एकोणीसच्या आसपास. टेबलावर एवढी अचूकता पुरते. हे त्याला मोबाइलमुळे आधीच बरं येत होतं, एका संध्याकाळीत झालं.

वहीत डाव लिहायचा तो निकाल झाकून. काय दिसत होतं, काय केलं, का केलं. कोणाकडे काय निघालं ते पानाच्या मागे. भाच्याच्या सुरुवातीच्या नोंदी ‘नशीब खराब’ अशा एका ओळीच्या होत्या. त्या भावोजींनी खोडल्या नाहीत, फक्त शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

दुसरी फेरी

पुन्हा गेलो तेव्हा दोस्त आणि भाचा वेगवेगळ्या टेबलांवर बसले. कोणी सांगितलं नव्हतं. वीस हजारांची मर्यादा तीच, गेले तर परत घ्यायचे नाहीत असं बोटीतच ठरलं.

मी यावेळी लांबून बघत होतो. पाच तासांत भाच्याकडून एकच चूक दिसली, एकदा पाळी नसताना पाने पुढे केली. लगेच ‘सॉरी’ म्हणाला, डीलरने मान हलवली. एक मोठा पॉट जिंकला तेव्हा त्याने डीलरला टिप दिली आणि हरलेल्या बाईंना काही बोलला नाही. एका डावात त्याच्याकडे वरची जोडी, टर्नला टेबलावर तिसरं बदाम, समोरून पॉटच्या पाऊण भागाची बोली. नाणं पानांवरच होतं. त्याने अर्धा मिनिट घेतला, पाने अलगद पुढे सरकवली. समोरच्याने पाने न दाखवता पॉट ओढला. काय होतं ते भाच्याने विचारलं नाही, आणि आम्हालाही कधी कळणार नाही.

रात्रीअखेर तो ३,२०० ने हरला होता. रेक (पॉटमधून कॅसिनो कापून घेतो तो वाटा), टिप आणि दोन डावांत साध्यासुध्या मार्गाने गेलेले पैसे. असं होतं.

म्हापशाला पोचायला पहाट झाली. भावोजी पडवीत जागे होते, समोर चहाचं किटलं. किती गेले हे त्यांनी विचारलं नाही. वही मागून घेतली, पहिलं पान उघडलं आणि म्हणाले, ‘एक्को खंयचो?’

‘किलवर,’ भाचा म्हणाला. दुसऱ्या डावाचं विचारलं. ‘बदाम राजा, चौकट दश्शी.’ तिसऱ्याचंही बरोबर सांगितलं. चौथ्याला अडला. कपाळ चोळलं, दोस्ताकडे बघितलं. दोस्त तोंडात बिस्किट धरून गप्प बसला होता.